हसूशेठचं वाहन

हसुराम घरतांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं तेव्हा ते करंजाच्या खाडीत, पाण्यापासून दोन हात वरून, स्कूटरच्या वेगाने चालले होते. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही खांदा कॉलनीतल्या एकाच इमारतीत राहत होतो, लिफ्टमध्ये रोज भेटत होतो, आणि या माणसाचं नाव हसुराम ठेवणाऱ्याने नेमकं काय पाहिलं असेल, असा प्रश्न मला रोज पडायचा. चेहरा कायम कोर्टाच्या तारखेला निघाल्यासारखा.

तसं त्याला कारण होतं. घरतांच्या घराण्याने सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायी अर्धं आयुष्य कोर्टात काढलं होतं. मिठागरं गेली, शेतं गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर आमची इमारत उभी राहिली आणि वरचा मजला त्यांच्याकडे राहिला. या सगळ्या भानगडीत हसूशेठ एक गोष्ट पक्की शिकले होते. कागदावर जे लिहिलंय तेवढंच बंधन, आणि जे लिहिलेलं नाही ते आपलं. त्यामुळे कोणतीही गोष्ट पुढे आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कायद्यात बसतं का ते बोला." गणपतीची वर्गणी असो, पुतण्याचं लग्न असो, की डॉक्टरने सांगितलेलं पथ्य असो. डॉक्टर म्हणाले, भात बंद करा. हसूशेठ तांदळाच्या भाकऱ्या खाऊ लागले, कारण भाकरीचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मी सोसायटीची सेक्रेटरी. शाळेत गणित शिकवते, म्हणून लोक समजतात की माझ्याकडे भरपूर रिकामा वेळ आणि कडक स्वभाव, दोन्ही असणार. त्यातलं दुसरं खरं आहे.

एका रविवारी सकाळी एक टेम्पो आला आणि त्यातून एक पांढरी, लांबट, चपटी वस्तू उतरवली गेली. दोन्ही बाजूंना जाळीचे पंख, सोबत एक उंच खांब, गुंडाळलेलं कापड आणि दोन लांबच लांब पाय, ज्यांच्या टोकाला आडवी पाती होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तो झोपाळा ठरवला. वॉचमन म्हणाला, यंदा गणपतीचं डेकोरेशन विमानाचं दिसतंय. मी खाली जाऊन विचारलं, तर हसूशेठ म्हणाले, "वाहन हाय."

"कसलं वाहन?"

"उडतं."

सोसायटीच्या नियमात उडत्या वाहनाला पार्किंग नाही, हे मी त्यांना ऐकवलं. त्यांनी नियम मागवून घेतला, दोनदा वाचला आणि त्या वस्तूखालची ट्रॉली मला दाखवली. ट्रॉलीला दोन चाकं होती. "टू-व्हीलर लिवा," ते म्हणाले. नियमात बसत होतं. मी दातओठ खात लिहिलं.

ती शिडाची होडी होती. मुंबईतल्या कुणा हौशी माणसाकडून त्यांनी जुनी घेतली होती. शिडात वारा भरून होडीने वेग घेतला की पाण्याखालची ती आडवी पाती विमानाच्या पंखांसारखं काम करतात, आणि होडीचं सगळं अंग पाण्याबाहेर उचललं जातं. पाण्यात उरतात फक्त पाती. ही जात शिकाऊ लोकांसाठी बनवलेली. नाकापुढे एक बारीक काठी लोंबते, ती पाणी चाचपत राहते आणि होडीची उंची आपोआप सांभाळते. बसणाऱ्याने सुकाणू धरायचं, शिडाची दोरी धरायची आणि वाऱ्याच्या बाजूला कलून बसायचं. हे सगळं हसूशेठनी मला सांगितलं, पण एकदाही 'होडी' हा शब्द तोंडातून काढला नाही. हे माझ्या लक्षात फार नंतर आलं, आणि का ते त्यांच्या आईने सांगितलं.

आई म्हणजे चांगीबाय. ऐंशीच्या पुढची, नऊवारी घट्ट नेसलेली, दातांना मिशेरी. वरच्या मजल्यावर मार्बल असूनही ती दिवसभर पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सुकट निवडायची, आणि त्या वासाच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. तिचा नवरा खाडीत होडी चालवायचा, मिठाची वाहतूक करायचा. एकदा वादळात गेला तो आलाच नाही. होडीही आली नाही. हसूशेठना तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. चांगीबायने त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून वदवून घेतलं होतं, "पान्याला होरी लावनार नाय. आयेच्या गल्याची आन."

आता गळ्याची शपथ म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो. सुटका एकच. ज्याने घातली त्याने तोंडाने 'सुटली' म्हणायचं. पोरं खेळताना दिवसातून वीस वेळा शपथ घालतात आणि वीस वेळा 'सुटली म्हण, सुटली म्हण' करून सोडवून घेतात. चांगीबायने 'सुटली' म्हटलं नव्हतं. पोराचे केस पिकले तरी नाही.

हसूशेठनी ती शपथ इतकी पाळली की बघणाऱ्याला लाज यावी. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने तासाभरात मुंबईला जाता येत असताना ते नेहमी रस्त्याने जात. बागेतल्या तळ्यात पोरांना पॅडलबोटीत बसवून स्वतः काठाकाठाने पळत. लग्नानंतर केरळला गेले, तिथे हाउसबोटीचं बुकिंग सासऱ्यांनी आधीच केलेलं. नवी नवरी हाउसबोटीत एकटी बसली, आणि हसूशेठ रिक्षा करून खाडीच्या काठच्या रस्त्याने बोटीच्या बरोबरीने गेले. जिथे झाडं आड येत नव्हती तिथे दोघांनी एकमेकांना हात केला. वहिनी ही गोष्ट सांगताना अजूनही डोळ्याला पदर लावते, पण हसून की रडून, ते कळत नाही.

मग असा माणूस होडी घेतो कशाला? मी एकदा सरळ विचारलं. "म्याडम, बापाचा हात सुकाणूवर असायचा, आनि माझा हात बापाच्या हातावर. तो हात परत ठेवायला जागा नाय गावली कुठं." पुढे लगेच चेहरा तारखेवर आणून म्हणाले, "आता शपथेचे शब्द बघा. पाण्याला होडी लावणार नाय. ही पाण्याला लागतच नाय. वरनं जाते."

"पण ती पाती पाण्यात असतात ना?"

"बगळा पाण्यात उभा असतो. तो पोहतो काय?"

"आणि वर उचलली जाईपर्यंत? तोपर्यंत तर ती पाण्यातच बसलेली असते."

या प्रश्नाची ते वाटच बघत होते. "तवर पार्किंग धरायचं," ते म्हणाले. "चालू झाल्याबिगर वाहन कसं म्हणनार?"

मला राग येत होता, कारण चूक कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं.

शिक्षण पार्किंगमध्येच झालं. मोबाइलवर व्हिडिओ लावून हसूशेठ स्टुलावर बसत, एका हातात केरसुणीचा दांडा सुकाणू म्हणून, दुसऱ्यात कपडे वाळत घालायची दोरी, आणि मागे कलत कलत जात. दोनदा स्टुलावरून पडले. चांगीबाय शेजारी सुकट निवडत सगळं बघत होती. "काय करतंय ह्यो?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "व्यायाम." माझं हे उत्तर खोटं नव्हतं.

पण तिला सांगायची वेळ आलीच. हसूशेठनी तिच्यासमोर उभं राहून सगळा युक्तिवाद केला, बगळ्यासकट. म्हातारीने ऐकून घेतलं. "पान्याला लागत नाय, ह्ये कोन बघनार?" तिने विचारलं. हसूशेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरीन खोटं बोलाची नाय." अशा रीतीने, माझी संमती न विचारता, मी साक्षीदार झाले. दर रविवारी करंजा बंदरावर छत्री घेऊन उभं राहायचं आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये जबानी द्यायची.

पहिल्या दिवशीच घोळ झाला. नवी होडी पाण्यात सोडताना पूजा करतात, नारळ वाढवतात. हसूशेठनी त्याला साफ नकार दिला. होडीची पूजा केली की ती होडी ठरली, आणि होडी ठरली की शपथ लागू. म्हणून त्यांनी वाहनाची पूजा केली. दसऱ्याला गाडीची करतात तशी. ट्रॉलीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या काठीला लिंबू-मिरची बांधली, खांबाला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हा एवढा हार घातला. शिवाय स्कूटरचा हॉर्नही बसवून घेतला होता, कारण हॉर्नशिवाय वाहन कसं? बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, तो थांबवून बायका बघायला आल्या. "काय रं, ही होरी उरते काय?" एकीने विचारलं. तिकडे 'उडते'ला 'उरते' म्हणतात. हसूशेठनी हॉर्न वाजवला.

वारा चांगला होता. दोघा खलाशांनी वाहन धक्क्यापासून ढकललं, शिडात वारा भरला, वेग आला, आणि होडी काही वर उठेना. नुसती फरफटत राहिली. हार घसरून पाण्यात गेला होता आणि पात्याला गुंडाळला गेला होता, आणि त्या पात्यांना गवताची काडी अडकली तरी चालत नाही, इथे तर पावशेर झेंडू. हसूशेठ खाडीच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेले. पार्किंगच्या कलमात बसणार नाही इतके लांब गेले. मग मला दिसलं की त्यांनी शीड सोडून दिलंय आणि गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढलाय.

ते काय बोलले हे मला संध्याकाळी कळलं. घरी फोन वाजला. चांगीबायने उचलला.

"आये, हायेस ना?"

"हाय. का?"

"काय नाय. असंच."

खलाशांनी नाव घालून त्यांना ओढत आणलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पायाला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. मी म्हटलं, हसूशेठ, अहो, सोडा आता हा नाद. त्यांनी पात्यावरचा हार सोडवून काढला आणि म्हणाले, "आज पूजा नडली. वाहनाचा दोष नाय." आणि परत गेले.

त्या खेपेला होडी उठली. आधी पाण्याचा खळखळाट होता, मग एकदम आवाज बंद झाला, आणि होडीचं पोट, खालून पाणी निथळत, वर आलं. पोटाखालून पलीकडचे मासेमारीचे मचवे दिसू लागले. जाळीच्या पंखावर मागे कललेला तो जाडा माणूस, पिकलेले केस कपाळावर चिकटलेले, डाव्या हातात सुकाणू. वळसा घेऊन ते धक्क्याजवळून गेले तेव्हा मी त्यांना हसताना पाहिलं. पूर्ण तोंडभर, कुणाची पर्वा न करता. मला उगाच भरून आलं. बाजूच्या कोळणीने माझ्याकडे पाहून विचारलं, "मालक हाय काय तुमचा?" मी म्हटलं, सेक्रेटरी आहे मी.

संध्याकाळी जबानी. "उरली?" म्हातारीने विचारलं.

"उडली."

"पान्याला लागली?"

"मी बघत होते तेव्हा पाण्याच्या वर होती," मी म्हटलं. हे वाक्य मी करंजाहून खांदा कॉलनीपर्यंत घासूनपुसून तयार केलं होतं, आणि पुढच्या रविवारपासून ढकलायच्या वेळी मी डोंगराकडे तोंड करून उभी राहू लागले. म्हातारी "हूं" म्हणाली आणि सुकट निवडू लागली.

पुढे हिवाळाभर हे चाललं. हसूशेठ तरबेज होत गेले, आठवड्यातून चार-चार दिवस जाऊ लागले. पण वारा काही कुणाच्या बापाचा नसतो. तो मध्येच पडायचा, होडी खाली बसायची, आणि बसली रे बसली की शेठ शीड सोडून आधी फोन काढायचे. "आये, हायेस ना?" बंदरावरच्या बायकांनाही पाठ झालं. वारा पडला की लिलावातून कुणीतरी ओरडायची, "लावला फोन." एकदा चांगीबाय देवळात गेली होती, फोन उचलला नाही, तर हसूशेठ ओल्या कपड्यांनी करंजापासून खांदा कॉलनीपर्यंत गाडी हाणत आले. म्हातारी रिक्षातून उतरत होती. त्यांनी तिला बघितलं, मान हलवली आणि परत गेले. होडी तिकडेच राहिली होती.

मला ते बघवेना. वयाच्या साठीला आलेला माणूस, रोज स्वतःच्या आईचा जीव पणाला लावतो आणि रोज घाबरतो. मी एके दिवशी पार्किंगमध्ये चांगीबायच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"आजी, इतकी वर्षं झाली. एकदा 'सुटली' म्हणून टाका ना."

"कनाला? कशापायी?"

"अहो, ते घाबरतात. होडी जरा खाली बसली की जीव जातो त्यांचा."

"मना ठाव हाय. फोन करतो ना."

"मग?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "मास्तरीनबाय, बाप गेल्यापास्नं ह्यो पोर माज्याशी दोन शब्दांच्या वरती बोलला नाय. सकालचा जातो, रातचा येतो. पैसा देतो, डाक्टर देतो. बोलत नाय. आता रोज इचारतो, आये हायेस ना. कवा कवा दोनदा इचारतो." तिने पुन्हा सूप उचललं. "सुटली म्हनलं त फोन कनाला करील?"

ती म्हणाली, त्याला बोलू नको. मी कबूल केलं, आणि उठून वासाच्या तक्रारी आलेल्या त्या सुकटीचा एक वाटा घरी घेऊन गेले.

चांगीबाय पावसाळ्यात गेली. दुपारी झोपली ती उठली नाही. होडी तेव्हा महिनाभर ताडपत्रीखाली होती, कोरडी ठणठणीत. हसूशेठ बांधकामाच्या साइटवर होते. अंत्ययात्रेला जो येईल त्याला ते तेच सांगत होते, "मी पाण्याजवळ नव्हतो. कोणालाही विचारा. वाहन पार्किंगमध्ये होतं." लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवत होते आणि एकमेकांकडे बघत होते. मला त्यांनी सगळ्यांसमोर पुढे ओढलं. "म्याडमला विचारा." मी म्हटलं, हो, पार्किंगमध्येच होतं. माझी ती शेवटची जबानी आणि एकमेव पूर्ण खरी.

दहाव्याला गावाकडची म्हातारी मंडळी जमली, आणि जेवणाची वाट बघता बघता वाद सुरू झाला. 'सुटली' न म्हणता बाई गेली, आता शपथेचं काय? एक काका म्हणाले, "गलाच नाय राहिला त गल्याची आन कनाची? सुटला पोर." दुसरे म्हणाले, "सोरवनारीच गेली. आता कोन सोरवील? जन्माची लागली." हसूशेठ दोघांच्या मध्ये बसून, डोकं नुकतंच भादरलेलं, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "दोन्ही कायद्यात बसतं."

लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "म्याडम, एक बोला. आयेला राग होता काय माझा? एवढं काय जड होतं तिला, एक शब्द."

तेव्हा मी सांगितलं. म्हातारीच्याच शब्दांत सांगितलं, कारण माझ्या शब्दांत ते सांगता येत नव्हतं. हसूशेठ ऐकत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी कलम काढतील. त्यांनी काही काढलं नाही. लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडून बंद झालं, आणि ते तिथेच उभे राहिले.

पावसाळा सरल्यावर मी करंजाला गेले होते ती सुक्या कोळंबीचे सोडे घ्यायला. आता कुणाला जबानी द्यायची नव्हती. लिलाव संपत आला होता, धक्क्यावर मासळी वाळत होती, आणि मचव्यांवरचे झेंडे वाऱ्याने ताठ उभे होते. खाडीच्या मध्यावर मला ते पांढरं शीड दिसलं. हसूशेठ उडत होते, चांगले वेगात. मग माझ्या देखत त्यांनी शिडाची दोरी सैल सोडली. वारा भरपूर असताना. होडी हळूहळू खाली आली आणि पाण्यावर बसली.

ते पंखावरून पुढे सरकले, दोन्ही पाय पाण्यात सोडले. लाटा होडीवर आपटत होत्या, अंगावर येत होत्या. वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा धुतलं.

"खाऱ्या पान्यानं तोंड कोन धुतं?" सोडे तोलणारी बाई म्हणाली.

तिने सोडे पिशवीत बांधून दिले, मी पिशवी घेतली, आणि तरी ते धुतच होते.